घरासमोर उभं राहा, फोटो काढायचाय

घरकुलाच्या यादीत नाव आलं की एक दिवस ग्रामसेवक किंवा गृहनिर्माण अभियंता मोबाइल घेऊन दारात येतो. जुन्या घरासमोर लाभार्थ्याला उभं करतो, लोकेशन लागेपर्यंत थांबतो, फोटो काढतो आणि पुढच्या घराकडे निघतो. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली तेव्हापासून हे जिओ टॅगिंग गावोगाव चालू आहे. पहिला फोटो पडक्या घराचा, मग मोकळ्या जागेचा, मग जोत्याचा, मग भिंती लिंटलपर्यंत आल्या की त्यांचा, शेवटी तयार घराचा. फोटो चढला की हप्ता पडतो. सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं.

योजनेला माझा विरोध नाही. गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या कुटुंबाला डोक्यावर स्लॅब मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि फोटोंमुळे कागदावरच बांधून पैसे उचललेली घरकुलं पकडणं सोपं झालं, हेही खरं. माझी हरकत त्या पहिल्या फोटोला आहे. घर पडकं आहे याचा पुरावा हवा असेल तर पडकी भिंत पुरेशी आहे. त्या भिंतीसमोर घरातल्या बाईने पदर सावरत का उभं राहायचं? माणूस खरा आहे हे पटवायला आधार आहे, बँक खातं आहे, जॉबकार्ड आहे. तरीही तिचा चेहरा आणि तिची पडझड एकाच चौकटीत लागते. ती चौकट एकदा शासनाच्या सर्व्हरवर गेली की ती पुन्हा तिच्या हाती येत नाही.

हा प्रश्न एका योजनेपुरता असता तर त्यावर एवढं लिहायची गरज पडली नसती. शौचालय बांधलं की त्याच्यासमोर फोटो. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून ॲपमध्ये हजेरीचे फोटो, दिवसातून दोनदा. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार हवा तर आता गरोदर बाईने कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. याशिवाय अहवालासाठी फोटो काढणाऱ्या संस्था आहेत, दुष्काळाच्या बातमीसाठी येणारे पत्रकार आहेत, रविवारी कॅमेरे घेऊन निघणारे शहरी हौशी गट आहेत. या सगळ्यांना खेड्यातलं घर उघडं सापडतं, आणि उघडं दिसलं म्हणजे आत जायची मुभा आहे असं ते धरून चालतात. मुंबईतल्या इमारतीत फ्लॅटची बेल वाजवून कुणी म्हणेल का, ताई, जरा स्वयंपाकघरात उभ्या राहा, तुमच्या ओट्याचा फोटो हवाय? खेड्यात हे रोज घडतं आणि कुणाला वावगं वाटत नाही.

खेड्यातलं घर वाटतं तेवढं उघडं नसतं. अंगणात कुणीही येतं. ओट्यावर अनोळखी माणूस टेकतो, त्याला तांब्याभर पाणी मिळतं. ओसरीवर, कोल्हापूर-सांगलीकडच्या सोप्यात, कोकणातल्या पडवीत ओळखीचा माणूस बसतो. माजघरात नातलग येतात. चुलीपाशी आणि देवापाशी घरचीच माणसं. दोन खणांच्या घरात या जागा भिंतींनी वेगळ्या केलेल्या नसतील, पण घरात राहणाऱ्यांना त्यांच्या हद्दी नेमक्या ठाऊक असतात. पाहुणा कुठे थांबला यावरून तो कोण हे कळतं. कॅमेरावाला या सगळ्या पायऱ्या ओलांडून पाच मिनिटांत चुलीपाशी पोचतो, कारण उजेडाची तिरीप तिथे पडलेली असते आणि धूर छान दिसतो. त्या धुराने बाईचे डोळे चुरचुरताहेत, हे त्या चित्रात येत नाही. छायाचित्रांच्या स्पर्धांमधून फुंकणीने चूल फुंकणारी म्हातारी वर्षानुवर्षं फिरते आहे. तिचं नाव चित्राखाली क्वचितच असतं.

या पायऱ्यांचं मी कौतुक करत बसणार नाही. याच उंबऱ्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या अंगणातच थांबवलं. ओंजळीत वरून पाणी ओतण्याची रीतही याच ओट्यावरची. म्हणून ‘आमच्या घराची मर्यादा’ हा शब्द ज्याच्या-त्याच्या तोंडी वेगळा अर्थ घेऊन येतो. वाड्याच्या मालकाने कॅमेऱ्याला मनाई केली तर पाहुणा मुकाट्याने मागे फिरतो. दलित वस्तीतल्या किंवा पारधी पालावरच्या माणसाने मनाई केली तर त्याला उद्धट ठरवलं जातं, सर्वेक्षणात त्याचं नाव मागे पडेल अशी भीती घातली जाते. नकार देण्याची ताकद गावात सारखी वाटलेली नाही. ज्याच्याकडे ती सर्वांत कमी, त्याच्याच घरात कॅमेरा सर्वांत आत गेलेला असतो.

निवडणुकीच्या दिवसांत याचं सर्वांत उघड रूप दिसतं. नेता दलिताच्या किंवा आदिवासीच्या घरी जेवायला जातो. सगळ्याच पक्षांचे नेते हे करतात. मागे दहा-पंधरा कॅमेरे असतात, सारवलेल्या जमिनीवर नवी चटई येते, घरातली माणसं दाराशी दाटीवाटीने उभी राहतात. ज्या घरचं पाणी गावातले लोक कालपर्यंत पीत नव्हते, त्या घराचा आतला भाग संध्याकाळपर्यंत राज्यभर पोचतो. त्या कुटुंबाने आपल्या पाहुण्याला बोलावलं होतं का, जेवण कुणी ठरवलं, गाड्या गेल्यावर त्यांच्याशी गावात कोण कसं वागलं, हे विचारायला कुणी परत जात नाही. सहभोजन ही महाराष्ट्रातली मोठी परंपरा आहे, आणि तिची किंमत मोजणारे लोक होऊन गेले. तिचा अर्थ एकत्र जेवण्यात होता. जेवताना दिसण्याला त्यात महत्त्व नव्हतं.

खेड्यातल्या माणसाला फोटोचं वावडं आहे असं कुणी समजू नये. जत्रेतल्या फोटो स्टुडिओसमोर रांगा लागायच्या. मागे रंगवलेला ताजमहाल किंवा धबधबा, पुढे प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, अंगावर ठेवणीतले कपडे, मनगटावर वेळप्रसंगी मित्राचं घड्याळ. माणूस ताठ उभा राहायचा, थेट भिंगाकडे बघायचा. ते फोटो आजही गावातल्या घरांत आढ्याखाली, जरा पुढे झुकवून टांगलेले दिसतात. त्यांच्या रांगेत बाबासाहेब असतात, बुद्ध असतात, शिवाजी महाराज असतात, पंढरपूरचा विठोबा असतो, आणि हार घातलेला गेलेला आजा असतो. घरात फोटोला मानाची जागा आहे. म्हणूनच दारात येऊन कुणी फोटो काढायचा म्हटलं की घरची माणसं आधी हात-पाय धुतात, खुर्ची बाहेर आणतात, आजीला हाक मारतात, मुलाला शर्ट घालायला पाठवतात. शहरातून आलेला छायाचित्रकार म्हणतो, नको नको, होतात तसेच राहा, नॅचरल दिसू द्या. कसं दिसायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं. ते तो पुसून टाकतो आणि आपल्या मनातलं खेडं तिथे ठेवतो.

सरकारी कॅमेरा याच्या अगदी उलट दिशेने माणसाला ढकलतो. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवर उभ्या असलेल्या निकषांत घरात फ्रिज असेल, दुचाकी असेल, लँडलाइन फोन असेल तर कुटुंब घरकुलाला अपात्र ठरायचं. २०२४ मध्ये या तीन अटी काढल्या गेल्या, पण तोवर लोकांनी आठ वर्षांचा धडा घेतला होता. सर्वेक्षण आहे म्हटलं की मोटारसायकल शेजाऱ्याच्या परसात जायची आणि फ्रिजवर गोधडी पडायची. जत्रेतल्या फोटोसाठी जो माणूस घड्याळ उसनं आणत होता, त्याला शासनाच्या फोटोसाठी स्वतःच्या कमाईची वस्तू लपवावी लागली. मुलाने ऊसतोडीच्या उचलीतून घेतलेली गाडी घराची शान असते, आणि कॅमेऱ्यापुढे तीच गुन्हा ठरते. माणसाला त्याच्या घराची लाज वाटायला लावून आपण त्याला घर देतो आहोत.

२०१७ मध्ये राजस्थानच्या दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या भिंतींवर ‘आम्ही गरीब आहोत’ अशा अर्थाची वाक्यं रंगवली गेली. त्यावर देशभर टीका झाली, कारण ती वाक्यं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती. पडक्या घरासमोर उभं केलेल्या बाईचा फोटो तेच सांगतो. तो भिंतीऐवजी सर्व्हरवर आहे म्हणून आपल्याला तो खटकत नाही.

घरातल्या माणसांची चित्रं काढून त्यांना खणात बसवण्याची हौस जुनी आहे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या जाती-जमातींचे दोन सचित्र खंड काढले. त्यांत माणसांचे फोटो एका ठिकाणी घेतलेले आणि मागची दृश्यं दुसऱ्या ठिकाणची, अशी जोडकामं आहेत. माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा, चित्रकाराला योग्य वाटेल त्या पार्श्वभूमीवर चिकटवायचा आणि खाली जात लिहायची. पुढे १८७१ मध्ये आलेल्या आणि नंतर मुंबई प्रांतातही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांना जन्मतःच संशयित ठरवलं. या जमातींना डांबून ठेवायची सोलापूरची वसाहत, म्हणजे सेटलमेंट, तारेच्या कुंपणाआड होती. तिथे हजेरी होती, आणि घर म्हणजे पोलिसांनी केव्हाही आत शिरावं अशी जागा होती. कायदा १९५२ मध्ये गेला, पण पालावर कुणी कॅमेरा घेऊन आलं तर म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत जी भीती येते ती गेलेली नाही. फोटो म्हणजे पोलिसात नोंद, हे त्यांच्या अनुभवाने शिकवलेलं आहे. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

रात्रीबेरात्री दार ठोठावणाऱ्या पोलिसांविरुद्ध एक माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचं नाव खडक सिंग. दरोड्याच्या खटल्यातून तो पुराव्याअभावी सुटला होता, पण उत्तर प्रदेश पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीची नोंद, उघडली आणि शिपाई त्याच्या घरी रात्री येऊ लागले. १९६२ च्या निकालात न्यायालयाने रात्री घरात शिरण्याचा पोलिसांचा नियम रद्द केला, मात्र खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खाजगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण शासकीय लाभ देताना माणसाची माहिती वापरायला या कायद्याने सरकारला बरीच मोकळीक दिली आहे. म्हणजे ज्याला सरकारकडून काही मागायचं नाही त्याचं घर बऱ्यापैकी सुरक्षित, आणि ज्याला छप्पर मागायचं आहे त्याने दार उघडं ठेवायचं.

आता या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा. फोटो गरिबाच्या बाजूनेही उभा राहतो, आणि तो पुसून टाकण्याची चैन गरिबाला परवडत नाही. रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्या कितीतरी ठिकाणी दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं घर तीन पिढ्या तिथे असतं आणि सातबाऱ्यावर त्याचा मागमूस नसतो. उद्या मालकाने जमीन विकली आणि बुलडोझर आला, तर तारीख आणि ठिकाण असलेला एक फोटो त्या कुटुंबाला किती मोलाचा! वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि झोपडी, बांध, विहीर अशा खुणा तिथे पुरावा म्हणून धरल्या जातात. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्याकडच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावातलं सागवानी खांबांचं, बांबूच्या तट्ट्यांचं घर कसं होतं, हे आज फोटोंतच बघावं लागतं. कोयनेच्या नि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत कॅमेरा होताच किती जणांकडे? तिथली नातवंडं आजोबांच्या घराविषयी नुसतं ऐकतात.

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी फोटो नकोत असं म्हणत नाही. मी विचारतो की हा कातकरी कुटुंबाचा पुरावा ठेवला कुणाच्या कपाटात आहे. घरकुलासाठी काढलेल्या फोटोची एक प्रत त्या कुटुंबाला मिळत असती, तर तोच फोटो उद्या ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत (नमुना ८) नोंद लावताना, जमिनीच्या भांडणात, वनहक्काच्या दाव्यात त्यांना दाखवता आला असता. आज तो शासनाच्या सर्व्हरवरच पडून असतो. लोकांच्या घराचा पुरावा लोकांपासूनच लांब राहतो, आणि तो त्यांच्या बाजूने बोलतो हे म्हणणं मग पोकळ ठरतं.

शिवाय तो पुरावा नेमका कोणत्या घराचा? बीड, जामखेड, पाथर्डीकडचं ऊसतोड कुटुंब दसऱ्यानंतर निघतं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततं. वर्षाचे पाच-सहा महिने त्यांचा संसार कारखान्याच्या फडाशेजारच्या कोपीत असतो. बाळंतपणं तिथे होतात, पोरं तिथे वाढतात. गावातल्या घरात तोवर म्हातारी माणसं असतात किंवा दाराला कुलूप. कातकरी वीटभट्टीवर जातो, तिथे कच्च्या विटा रचून आडोसा करतो. ॲपला एकच बिंदू हवा असतो, आणि या माणसांचं घर दोन बिंदूंमध्ये पसरलेलं आहे. कुलूपबंद दाराचा फोटो काढून ‘लाभार्थी राहत नाही’ असा शेरा मारणं सोपं आहे. तो शेरा खोटा असतो, कारण ते घर टिकावं म्हणूनच माणूस फडात राबत असतो.

नव्या घराचंही तसंच. पुष्कळ ठिकाणी घरकुल पूर्ण झाल्याचा फोटो निघतो, समोर नव्या साडीत बाई उभी असते, आणि चूल मात्र मागच्या कुडाच्या खोलीतच पेटते. स्लॅबखाली उन्हाळ्यात तापतं, चुलीच्या धुराला जागा नाही, शेळ्या बांधायच्या कुठे? म्हणून नव्या खोलीत धान्याची पोती, कपाट आणि आलागेला पाहुणा, तर जगणं मागे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची ५० हून अधिक गावं नव्या जागी वसवली. दगड-मातीच्या भिंतींनीच माणसं मारली होती, त्यामुळे काँक्रीटचं घर लोकांनी स्वतः मागितलं, आणि ते बरोबरच होतं. पण रुंद सरळ रस्ते आणि एकेकटे उभे प्लॉट यांत जुन्या गल्लीचा शेजार हरवला. ज्या ओट्यावरून समोरच्या ओट्यावरच्या बाईशी बोलता यायचं, तो ओटा आराखड्यात नव्हता. पुढच्या वर्षांत लोकांनी आपल्या हाताने पत्र्याच्या पडव्या काढल्या, कुंपणं घातली, गोठे जोडले. घर पूर्ण झाल्याच्या फोटोत यातलं काहीच नसतं, कारण तो काढला तेव्हा घर सुरूच झालेलं नव्हतं.

चांगलं काम करणारेही आहेत. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गुजरात आणि राजस्थानातल्या घरांच्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढले. त्यांच्या कितीतरी चित्रांत भिंतीसोबत तिथे राहणारी माणसं आहेत. त्यांतली बाई आपल्या हाताचं काम मागे घेऊन उभी असते, आणि तिच्या उभं राहण्यात ते दिसतं. ‘पारी’ या २०१४ मध्ये पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात फोटोखाली माणसाचं नाव असतं, गाव असतं, आणि तो काय म्हणाला तेही असतं. आणि आता तर गावातल्या पोरींच्या हातातच मोबाइल आहे. त्या आपल्या घराचे काय काढतात ते बघा: पोळ्याला शिंगं रंगवलेले बैल, स्लॅब पडतानाची गर्दी, धाकट्या भावाचं बक्षीस, अंगणातली रांगोळी, आजीच्या हातची भाकरी. भिंतीची भेग त्यांच्या स्टेटसवर येत नाही. ती भेग त्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? घर म्हटल्यावर त्यांना आधी दिसतं ते वेगळं आहे, इतकंच.

शासनाला करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. पडक्या घराचा फोटो घ्या, माणसाला त्यात उभं करू नका. त्याची ओळख वेगळ्या पायरीवर तपासा. सर्वेक्षण कधी आहे हे आधी दवंडीने, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर कळवा, म्हणजे फडावर असलेल्या मुलाला फोन तरी करता येईल. मंजुरीच्या आदेशाला घराच्या फोटोची छापील प्रत जोडा. योजनेच्या जाहिरातीत किंवा अहवालाच्या मुखपृष्ठावर कुणाचा चेहरा वापरायचा असेल तर त्यासाठी वेगळी संमती घ्या, आणि ती नाकारल्याने हप्त्याला धक्का लागणार नाही हे त्याच कागदावर मराठीत लिहा. जिथे गोंडी, भिली, कातकरी बोलली जाते तिथे ते त्या बोलीत वाचून दाखवा.

चेहरा वगळला तर बोगसगिरी वाढेल, असं अधिकारी म्हणतील. एकाच घरासमोर दोन माणसं उभी करून दोन फोटो काढता येतात, हे तेही जाणतात. बोगसगिरी थांबते ती गावाने यादी उघड वाचल्यावर, आणि त्यासाठी ग्रामसभा आहे. तिथे नावं वाचायची असतात, कुणाचं घर खरंच पडकं आहे हे शेजाऱ्यांना फोटोशिवाय माहीत असतं.

घरकुलाच्या नव्या सर्वेक्षणासाठी आलेल्या आवास प्लस २०२४ च्या ॲपमध्ये कुटुंबाला स्वतःचं सर्वेक्षण स्वतः करायची सोय दिली गेली. म्हणजे घरातल्या माणसानेच आपल्या घराचा फोटो काढून पाठवावा, हे तत्त्व शासनाने एका परीने मान्य केलंच आहे. राहिलं ते एवढंच की ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनाही हीच मुभा मिळावी. दारात येणाऱ्या कर्मचाऱ्याने आपला मोबाइल घरच्या बाईच्या हाती द्यावा, आणि कुठून, काय, किती दाखवायचं ते तिने ठरवावं. हे लिहून देण्यासाठी मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट बघायचीही गरज नाही. आमच्या गावात घरांचे फोटो या पद्धतीने काढले जातील आणि प्रत्येक कुटुंबाला त्यांची प्रत मिळेल, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडता येतो, आणि त्याची नक्कल गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घेता येते.